आभाळात ठेवायची दूरबीन

माझी पहिली बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तेव्हा मी जालन्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझे सासरे बाकावर बसले होते आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही दोघांनीही नुसती मान हलवली. आज गाडी उशिरा येणार आहे असं कुणी सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. पुढचं सगळं लोकांनी केलं. कुणी लाकडं आणली, कुणी माझ्या गावी धावड्याला माणूस पाठवला. मला ऊठ म्हटलं की मी उठत होतो, बस म्हटलं की बसत होतो.

तेरावा झाला आणि मी कामावर गेलो. वडीगोद्रीच्या रस्त्यावर मोऱ्या बांधायचं काम चालू होतं. मुकादम डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून माझ्याजवळ आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण मी वाळूत माती किती आहे ते त्याला दाखवायला लागलो, तेव्हा तो मुंडासं परत बांधून वाळू चाळायला माणसं लावायला गेला. लोक म्हणाले, साहेबांचं मन घट्ट आहे. तसं काही नव्हतं. रडू येईल म्हणून मी वाट बघत होतो आणि ते येत नव्हतं. खाणावळीत शेजारचा माणूस म्हणायचा, आज आमटीत मीठच न्हाई, मग मला कळायचं. एकदा परटानं इस्त्रीचे कपडे आणले, त्यात तिचं एक पातळ निघालं. ते मी ट्रंकेत ठेवलं आणि त्याच्याजवळ माझे मळके कपडे दिले.

सासरे नदीपलीकडे जुन्या जालन्यात राहायचे. मी त्यांना मामा म्हणत असे आणि ते मला जावईबापू. त्यांना तेवढी एकच मुलगी होती. सासूबाई फार पूर्वी वारल्या होत्या, घरात त्यांची विधवा बहीण सगळं बघायची. मामांनी जन्मभर सरकारी शाळेत गणित आणि सायन्स शिकवलं होतं, तेही उर्दूत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतच होत्या. मीसुद्धा हैदराबादला इंजिनीअरिंग उर्दूतूनच शिकलो. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठीत झाल्या आणि घरी मराठीच बोलणाऱ्या या माणसाला वर्गात मराठी शब्द सापडेनात. जन्मभर ज्याला जाविया म्हटलं त्याला आता कोन म्हणायचं, मरकजला केंद्र म्हणायचं. तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. रोज संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसून दुसऱ्या दिवशीच्या धड्यातले शब्द त्यांना सांगायची. हे तिनंच मला लग्नानंतर सांगितलं होतं, हसत हसत. मामा रिटायर झाले तोवर त्यांचं मराठी बरंच सुधारलं होतं, तरी घाईत जुनेच शब्द तोंडात यायचे.

ती गेल्यावर आमचं जाणंयेणं तुटेल असं सगळ्यांना वाटत होतं. तशी रीतच आहे. मुलगी गेली की जावई हळूहळू परका होतो. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्याचंही मला काही वाटलं नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. रशियानं आभाळात एक गोळा सोडलाय आणि तो पृथ्वीभोवती फिरून राह्यलाय, अशी बातमी सगळ्या गावात होती. एका संध्याकाळी मामा काठी टेकत नदी ओलांडून माझ्या खोलीवर आले. म्हणाले, आज तो आपल्याकडून दिसणार आहे म्हणे, तुमच्या माळवदावर जाऊ. आम्ही वर जाऊन बसलो. अंधार पडायच्या जरा आधी एक ठिपका एका बाजूनं आला आणि न लुकलुकता सरळ दुसऱ्या बाजूला गेला. शेजारच्या माळवदावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा बराच वेळ तो गेला तिकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "जावईबापू, त्याच्यात दूरबीन बसवली तर?"

मी विचारलं, "बघणार कोण?"

"कुणी न्हाई. माणूस तिथं जगणार कसा? दूरबीन एकटीच ऱ्हाईल. तिनं बघायचं आणि खाली कळवायचं."

त्यांनी मला कारण सांगितलं. आपण हवेच्या तळाशी बसलोय. तारे लुकलुकतात ते तारे लुकलुकत नाहीत, मधली हवा हलते. कितीही मोठी दूरबीन इथं केली तरी ती या हलत्या हवेतूनच बघणार. हवेच्या वर नेली तर तारा सुईच्या टोकासारखा दिसेल. हे सांगताना त्यांच्या आवाजात हुरूप होता असं मी म्हणणार नाही. वर्गात धडा सांगावा तसं ते सांगत होते. मी ऐकत होतो, कारण ऐकणं सोपं होतं.

पुढच्या रविवारी ते परत आले, त्याच्या पुढच्या रविवारी परत. ऑफिसातले रद्द झालेले नकाशे मी घरी आणायचो आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही ती दूरबीन काढायचो. पेन्सिल माझ्या हातात असायची. मामा खुर्चीत बसून अडचणी सांगायचे. कधी बोलता बोलता म्हणायचे, "ह्या शुआ आरशावर पडल्या की..." आणि थांबायचे, मान स्वयंपाकघराच्या दाराकडं वळायची. तिथं कुणी नसायचं. मग मी म्हणायचो, किरण. ते म्हणायचे, हां, किरण. आणि आम्ही पुढं जायचो. तिचं नाव आम्ही त्या दिवसांत एकदाही काढलं नाही.

पहिली मोठी अडचण आरशाची होती. अशा दूरबिणीला भिंग नसतं, खोलगट आरसा असतो आणि त्याचा आकार जराही बिघडून चालत नाही. मामांनी विचारलं, आरसा इथं पाठीवर झोपवून घासणार. स्वतःच्याच वजनानं तो मधे किंचित वाकणार आणि आपण त्या वाकलेल्या आरशाला बरोबर आकार देणार. वर गेल्यावर वजनच राहणार नाही. मग तो परत सरळ होईल आणि आपला आकार चुकेल. तेव्हा काय करायचं?

बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचं तरी उत्तर ठाऊक होतं. मी म्हणालो, स्लॅब टाकताना आम्ही हेच करतो. सेंटरिंग, म्हणजे खालचा लाकडी आधार, काढला की स्लॅब जरा खाली बसतो, म्हणून आधीच मधे थोडा उचलून टाकतो. बसला की सपाट होतो. आरसाही तसाच करायचा. किती वाकेल ते आधी हिशेबानं काढायचं आणि तेवढा उलटा चुकवून ठेवायचा.

मामा म्हणाले, "म्हंजी इथं चुकलेला दिसंल."

"हो."

"आणि बराबर झाला का न्हाई हे इथं कुणालाच कळणार न्हाई."

"नाही."

ते म्हणाले, हरकत नाही, हिशेब पक्का पाहिजे. तो हिशेब मी पुढचे कितीतरी दिवस करत होतो. साइटवरून यायचं, कंदील लावायचा आणि आकडे मांडायचे. त्यातून मला आनंद झाला असं नाही. पण झोपायच्या आधीचा तो वेळ जायचा. एरवी तो जात नसे, हीच अडचण होती.

उन्हाळ्यात आम्ही नळीचा प्रयोग केला. ती मामांचीच शंका होती. वर गेल्यावर दूरबिणीच्या नळीची एक बाजू उन्हात राहणार आणि दुसरी काळोखात. उन्हातली बाजू तापून लांब होणार, दुसरी तशीच राहणार आणि नळी वाकणार. किती वाकेल? पत्र्याचं काम करणाऱ्या एका माणसाकडून आम्ही माणसाच्या उंचीची नळी करून घेतली. तो म्हणाला, एवढं मोठं धुराडं कशाला लागतं घराला? मी म्हणालो, प्रयोगाला. त्यानं पुढं विचारलं नाही. नळीचं एक टोक मामांच्या अंगणातल्या भिंतीत पक्कं बसवलं आणि दुसऱ्या मोकळ्या टोकाला दाढीच्या आरशाचा तुकडा लावला. खोली बंद करून खिडकीच्या फटीतून त्या तुकड्यावर बॅटरीचा उजेड टाकायचा. तो परत येऊन खोलीच्या भिंतीवर ठिपका पडायचा. मामा आत बसून ठिपक्याशेजारी पेन्सिलीनं खूण करायचे. मी बाहेर नळीजवळ उभा राहून ऊन कुठवर आलं ते सांगायचो.

सकाळी ऊन एका बाजूनं पडलं आणि ठिपका सरकायला लागला. आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त सरकला. मग आम्ही त्या नळीवर दुसरी मोठी नळी चढवली, मधे लाकडाच्या चिपा ठेवून जागा सोडली आणि बाहेरून चुना दिला. आता ठिपका जवळजवळ जागेवर राहिला. मी म्हणालो, जमलं. मामा म्हणाले, एवढ्यात म्हणू नका. इथं मधली हवा मदत करून राह्यली, उष्णता वाहून नेऊन राह्यली. तिथं हवा नाही, तिथं उष्णता फक्त किरणांनी जाणार, नळी आतून काळी करायची का चकचकीत हे परत बघावं लागेल. त्या दिवशी मी इतका वेळ उन्हात उभा होतो की संध्याकाळी मानेची कातडी सोलवटून निघाली. झोंबायला पाहिजे होती. मामांच्या बहिणीनं दुसऱ्या दिवशी तूप लावलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की बरंच भाजलं आहे.

त्यानंतरचा प्रश्न होता दूरबीन वळवायची कशी. जमिनीवर आपण पाय रोवून वळवतो. तिथं पाय रोवायला काहीच नाही. मामांचं म्हणणं होतं की पेटीच्या आत एक चाक ठेवायचं. चाक एका बाजूला फिरवलं की पेटी आपोआप उलटी फिरेल. मला ते कागदावर पटत होतं, तरी ते म्हणाले, बघून घेऊ. त्यांच्या अंगणात कडुनिंब होता. त्याच्या फांदीला एकच दोर बांधून खाली पाट लटकवला. मामा त्यावर मांडी घालून बसले. सायकलचं चाक त्यांनी आडवं धरलं, एका हातानं मधला दांडा आणि दुसऱ्या हातानं ते फिरवलं. पाट हळूच उलट्या बाजूला वळायला लागला. मामा चाक थांबवायचे, पाट थांबायचा. परत फिरवायचे, परत वळायचा. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, चेहरा अगदी गंभीर. तसे ते फिरत होते, आणि नेमकी तेव्हाच माझी आई दारात आली.

ती धावड्याहून आली होती. आधी माझ्या खोलीवर गेली, तिथं कुलूप दिसलं म्हणून इकडं आली. आपल्या व्याह्याला पाटावर बसून गोल फिरताना बघून तिनं पदर सावरला आणि तिथंच उभी राहिली. मामा उतरले, टोपी सारखी केली, या विहीणबाई म्हणाले, बहिणीला चहा टाकायला सांगितलं. आई चहा घेत पावसापाण्याचं, ज्वारीचं बोलत राहिली. ती कशाला आली हे मला ठाऊक होतं. भोकरदनकडची एक मुलगी तिनं बघितली होती. पण ज्या घरातली मुलगी गेली, त्याच घरात बसून तो विषय काढायचा कसा, हे तिला समजत नव्हतं.

मामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "विहीणबाई, तुमी ज्या कामाला आल्या ते बोला. मीच बोलणार होतो, माझ्याच्यानं झालं न्हाई."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुमच्या लेकीची जागा कुणी घेणार न्हाई, भाऊ."

"जागेचं सोडा," मामा म्हणाले. "ह्यांचं वय काय? खाणावळीत जेवून राह्यले. मुलगी चांगली आहे का?"

आई म्हणाली, चांगली आहे, सातवी झाली आहे. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी हो म्हणालो. मला हो म्हणायला काही अडचण नव्हती, नाही म्हणायलाही नसती. मुलगी बघायला मामा आमच्याबरोबर आले. तिकडच्या लोकांना मी सांगितलं की हे माझे सासरे, तेव्हा घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. पण मुलीच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून गादीवर बसवलं, आणि मग ठीक झालं.

लग्न पुढच्या वर्षी करायचं ठरलं. दरम्यान मामांचा एक जुना विद्यार्थी कुणाच्या तरी कार्याला जालन्याला आला. तो औरंगाबादला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होता. मास्तरसाहेबांना भेटायला घरी आला, पाया पडला, आणि मामांनी त्याच्यापुढं सगळे कागद पसरले. त्यानं ते वरवर चाळले नाहीत. दुपारभर बसून बघितले. आरशाचं वाचून तो माझ्याकडं बघून म्हणाला, हे चांगलं आहे. नळीचंही त्याला पटलं. चाकापाशी मात्र तो थांबला. म्हणाला, मास्तरसाहेब, सूर्याचा उजेडसुद्धा वस्तूला किंचित ढकलतो. वर थोडी हवा उरली असेल तर तीही ढकलेल. हे ढकलणं एकाच बाजूनं होत राहिलं, तर ते सावरायला तुमचं चाक सारखं जास्त जास्त जोरात फिरवावं लागेल. एक दिवस त्याहून जोरात ते फिरू शकणार नाही. मग दूरबीन कोण सावरणार?

तो हे अगदी आदरानं बोलला. तो गेल्यावर मामा मला म्हणाले, बराबर बोलला. माझ्या ध्यानात आलं पाहिजे होतं.

त्यानंतर काही रविवार मामा आले नाहीत. मीच नदी ओलांडून गेलो, तर ते ओसरीवर बसलेले होते. मी पोचल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, जणू आमचं बोलणं मधे थांबलंच नव्हतं. पेटीला बाहेरच्या अंगानं बारीक तोट्या ठेवायच्या. आत एका भांड्यात दाबून भरलेला वायू. चाक फार जोरात फिरायला लागलं की तोटी जरा उघडायची, वायू एका बाजूला सुटेल, पेटीला उलटा धक्का बसेल आणि त्या धक्क्याच्या आधारानं चाक थांबवून घ्यायचं. परत पहिल्यापासून सुरू.

मी म्हणालो, पण वायू संपेल.

"संपंल."

"मग?"

"मंग तेवढंच आयुष्य तिचं," मामा म्हणाले. "तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं. तेही थोडं न्हाई."

मी चहा करतो म्हणून आत गेलो. त्यांची बहीण देवळात गेली होती. चुलीवर पाणी ठेवलं आणि उभा राहिलो. पाणी उकळलं, आटायला लागलं, मी पत्ती टाकली नाही. छातीत काहीतरी वर येतंय असं वाटलं. मी दाराची चौकट धरली. ते तिथंच थांबलं आणि हळूहळू परत खाली गेलं. मी भांड्यात नवीन पाणी घातलं. बाहेर गेलो तेव्हा मामांनी उशीर का झाला हे विचारलं नाही. चहा घेता घेता म्हणाले, "तिला हे सांगितलं असतं तर तिनं तोटीला बराबर शब्द सुचवला असता." मी म्हणालो, हो. तेवढंच बोलणं झालं.

लग्न झालं. मामा वरपक्षाकडून मांडवात बसले. नवी बायको आली, तिनं खोलीला पडदे लावले, खाणावळ सुटली. ती मामांना मामाच म्हणायला लागली आणि रविवारी त्यांचं ताट न सांगता वाढायची. त्यांना वांग्याची भाजी आवडते हे तिला माझ्याआधी कळलं. दूरबिणीचं आता फारसं काही उरलं नव्हतं. चित्र खाली कसं कळवायचं हा प्रश्न होता, पण रेडिओचं आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. मामा म्हणाले, ते दुसरं कुणी करील. मग ते जेवायलाच येऊ लागले. बायको त्यांना गावच्या गोष्टी सांगायची आणि मी ऐकत बसायचो.

महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला माझी नांदेडला बदली झाली. सामान स्टेशनवर गेलं, मामा पोचवायला आले. बायको पाया पडली. त्यांनी तिला सांगितलं, तिकडचं पाणी उकळून प्यायचं, पहिलं वर्षभर तरी. मला म्हणाले, कामाच्या जागी उन्हात टोपी घालत जा. गाडी सुटली.

दिवाळीनंतर ते गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी साइटवर होतो. स्लॅब चालू होता. स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबवता येत नाही. मी तो पुरा होईपर्यंत उभा राहिलो, कडा तपासल्या, पाणी मारायला माणूस नेमून दिला. मग बायकोला, कामानं जालन्याला जातोय, एवढाच निरोप धाडून गाडी पकडली. जालन्याला पोचलो तोवर सगळं झालं होतं. मामांच्या बहिणीनं जेवायला वाढलं. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर, डब्यांच्या खाली, आमचे कागद अंथरलेले होते. एका डब्याच्या बाजूनं नळीचं टोक दिसत होतं. कागद जाड होता, फळीला चांगला होता. जेवलो, दोन दिवस राहिलो, भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं.

नांदेडला परत आलो तेव्हा संध्याकाळ होती. बायको कणीक मळत होती. मी तिला सांगितलं की मामा झोपेत गेले, त्रास झाला नाही. तिनं कणकेचे हात तसेच तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, स्वतःचा बाप गेल्यासारखी. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिनं माझा गुडघा धरून ठेवला होता. कणीक परातीत तशीच राहिली आणि त्या रात्री आमच्याकडं स्वयंपाक झाला नाही.